हातांची शाळा

(द्वितीय वर्ष, कला)

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की शहरांत शिबिरांचे पेव फुटते. पोहण्याचे शिबिर, नाट्यशिबिर, संस्कारवर्ग, आणखी कितीतरी. आम्हा दौंड-शिरूरकडच्या मुलांची सुट्टी मात्र निराळी असते. कोणी मेंढरांमागे जातो, कोणी कांदा भरायला, तर कोणी चुलत्याच्या पंक्चरच्या दुकानात चाके खोलत बसतो. या कामांतून आम्ही पुष्कळ शिकतो. पण ते 'शिक्षण' आहे असे आम्हांला कोणी सांगत नाही, आणि आम्हांलाही तसे कधी वाटत नाही. जूनमध्ये शाळेत परतताना हाताचे हे सारे ज्ञान आम्ही शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत जातो.

या ज्ञानाला फाटकाच्या आत आणण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच शिरूर तालुक्यात, पाबळ या गावी, गेली चाळीसहून अधिक वर्षे चालू आहे. पाबळ म्हटले की बऱ्याच मित्रांना मस्तानीची समाधी आठवते. तेथील विज्ञान आश्रम आठवत नाही. मलाही तो ठाऊक नव्हता. त्या प्रयोगाचा एक लहानसा कवडसा नववीच्या सुट्टीत माझ्या अंगावर पडला. त्याविषयी व त्यामागील विचाराविषयी चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वडिलांचा प्रश्न

माझे वडील केडगाव परिसरात एका गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालण्याचे काम करतात. दिवसभर चिपाडे आत सारायची, समोर काहिलीत रस उकळत असतो. त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. 'हात काळे करायचे नसतील तर शीक,' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो.

नववीची परीक्षा संपली त्या आठवड्यात शाळेच्या फळ्यावर सूचना लागली. मे महिन्यात दहा दिवसांचे शिबिर. त्यात सुतारकाम, वेल्डिंग, वीजजोडणी, माती परीक्षण, शिवण. मी नाव दिले. संध्याकाळी घरी सांगितले तेव्हा दादा जेवता जेवता थांबले.

"पान्हा-पक्कडच धरायची होती, तर शाळा कशाला? माझ्यासंगं गुऱ्हाळावर आला असतास तरी झालं असतं."

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले आणि त्यांनी सरांना विचारले, "सर, डॉक्टरचं पोरगं येनार हाय का या शिबिराला?"

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अजून नाव आलं नाही. पण यायला पाहिजे, हे तुमचं खरं आहे."

दादांनी मला जाऊ दिले. सरांचे म्हणणे पटले म्हणून नव्हे, तर दुपारचे जेवण शाळेत मिळणार होते आणि पोरगे उन्हात हिंडण्यापेक्षा सावलीत बसलेले बरे, म्हणून. पण त्यांचा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. पुढे या विषयावर जे काही वाचले, ते त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच वाचले.

दहा दिवसांत काय शिकवितात?

आम्ही बत्तीस जण होतो. त्यांत नऊ मुली. आठ-आठांचे चार गट पाडले. लाकूड-लोखंड व बांधकाम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग. प्रत्येक गटाने प्रत्येक विभागात दोन दिवस काढायचे आणि शेवटचे दोन दिवस गावात प्रत्यक्ष काम करायचे. मुलींनी शिवण व मुलांनी वेल्डिंग अशी वाटणी नव्हती. मी आयुष्यात प्रथमच शिवणयंत्रावर बसलो व एक वाकडीतिकडी पिशवी शिवली. आणि आमच्या वर्गातील एका अबोल मुलीने डोळ्यांपुढे काच धरून असा सरळ सांधा जोडला, की सगळे बघत राहिले.

शिकवायला पाबळचा वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम केलेला एक तरुण होता. आम्ही त्याला 'निदेशक' म्हणत असू. तो स्वतः दहावीला नापास झालेला होता आणि आता स्वतःचे फॅब्रिकेशनचे दुकान चालवीत होता. नापास झालेला माणूस शिकवायला येतो, याचेच आम्हांला आधी हसू आले. ते हसू दुसऱ्याच दिवशी जिरले.

अंगणवाडीपुढे ओटा बांधायचा होता. निदेशकाने दोरी दिली आणि जमिनीवर काटकोन आखायला सांगितले. कंपासपेटीतला गुण्या घेऊन आम्ही धावलो. एवढ्याशा गुण्याने दहा फुटांचा ओटा कसा आखणार? तेव्हा त्याने दाखविले : कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण कर, दुसरीवर चार फुटांवर, दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट भरले, की कोपरा काटकोनात. आमचे अंतर पाच फूट दोन इंच भरले. म्हणजे कोन नव्वद अंशांहून अधिक उघडला होता. दोरी थोडी आत घेतली आणि कोपरा जुळला. नऊ अधिक सोळा बरोबर पंचवीस! पायथागोरसचा सिद्धांत मी पाठ करून परीक्षेत उतरविला होता. तो जमिनीवर उभा राहिलेला मात्र त्या दिवशी पाहिला. शेजारी काम करणारे गवंडीकाका म्हणाले, "हे तर आम्ही रोजच करतो." त्यांनी पायथागोरसचे नाव ऐकले नव्हते आणि आम्ही दोरी धरली नव्हती. एकाच ज्ञानाचे दोन तुकडे दोन घरांत पडून होते.

वीज विभागात माझी फजिती झाली. एक बटण व एक होल्डर यांची जोडणी करायची होती. मी केली, दिवा लागला, मी ऐटीत बाजूला झालो. निदेशकाने बटण बंद केले, दिवा विझला. मग त्याने होल्डरच्या टोकाला टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला! मी बटण फेजच्या तारेवर न बसविता न्यूट्रलवर बसविले होते. अशा जोडणीत दिवा लागतो आणि विझतोही. पण विझलेला असताना होल्डरमध्ये वीज उभीच असते. बटण बंद आहे म्हणून कोणी निर्धास्तपणे ओल्या जमिनीवर उभा राहून बल्ब काढायला गेला, तर त्याला झटका बसणार. बटण फेजवरच का हवे, याचे कारण हे. "दिवा लागला म्हणजे काम बरोबर झालं, असं नसतं," एवढेच तो म्हणाला.

जमाखर्चाचा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. आम्ही दोघांनी एक एक्स्टेन्शन बोर्ड तयार केला. सामान ३१० रुपयांचे. खराब केलेले प्लायवूड व हत्यारांची झीज धरून २० रुपये. 'तुमचा वेळ फुकट आहे का?' असे निदेशकाने विचारल्यावर आम्ही तासाला ४० रुपये मजुरी धरली. दोघांचे मिळून सहा तास लागले होते, म्हणून २४० रुपये. एकूण बेरीज ५७०. आणि तसाच बोर्ड बाजारात ४५० रुपयांना मिळत होता! आमचे तोंड उतरले. मग त्याने समजाविले, की सरावलेला माणूस हेच काम एका तासात करतो; त्याचा खर्च ३७० रुपये येतो आणि ८० रुपये सुटतात. कौशल्य म्हणजे वाचलेला वेळ, ही व्याख्या मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही. त्या रात्री मी दादांच्या मजुरीचा हिशेब प्रथमच तासांत मांडून पाहिला. तो आकडा येथे लिहीत नाही.

जूनमधील पाऊस

शिबिर संपले. जूनच्या पहिल्या पावसात आई म्हणू लागली, की न्हाणीजवळच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. आमचे घर अर्धे विटांचे व अर्धे पत्र्याचे. ओल आली की असे होतेच, असे सगळे समजत. आदल्या वर्षीही झाले होते. मी शिबिरातील टेस्टर काढला आणि पत्र्याला लावला. तो पेटला.

मी आधी मेन स्विच बंद केला. दादांना हाक मारली. त्यांनी बॅटरी धरली आणि आम्ही दोघे तारेचा माग काढत गेलो. तार पत्र्यातल्या भोकातून आत घेतली होती. भोकाच्या धारेने तिचे वेष्टन कापले जाऊन आतले तांबे पत्र्याला टेकत होते. अर्थिंग केलेलेच नव्हते. पत्र्यात आलेल्या विजेला जमिनीत जायला दुसरी वाट नसली, की हात लावणाऱ्याचे शरीर हीच तिची वाट होते. माझी धाकटी बहीण रोज त्याच पत्र्याला टेकून भांडी घाशी.

पुढचे काम मी केले नाही. दहा दिवसांच्या शिबिराने कोणी वायरमन होत नाही, हेही आम्हांला शिबिरातच बजावले होते. दुसऱ्या दिवशी परवानाधारक वायरमन आला. त्याने तार नळीतून घेतली, खड्डा खणून त्यात कोळसा व मीठ घालून अर्थिंग केले. ती एक रात्र आम्ही चिमणी लावून काढली. दादा बराच वेळ जागे होते. केव्हातरी म्हणाले, "मागल्या साली पन असंच व्हत होतं."

पाबळचा प्रयोग

आमच्या त्या निदेशकाला घडविणाऱ्या विज्ञान आश्रमाची स्थापना १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी केली. ते अन्नतंत्रज्ञानातील शास्त्रज्ञ. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळविली, म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेत व पुढे मुंबईस हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केले. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि अवर्षणप्रवण पाबळ हे गाव निवडून तेथे ते राहायला आले. श्री. जे. पी. नाईक व डॉ. चित्रा नाईक यांच्या नावांशी निगडित असलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली हे केंद्र सुरू झाले. २००३ साली कलबाग सरांचे निधन झाले. काम मात्र थांबले नाही.

त्यांचा विचार थोडक्यात असा. मूल चालायला, बोलायला शिकते ते करून पाहून, चुकून, पुन्हा करून. हीच शिकण्याची नैसर्गिक रीत. शाळेत आल्यावर मात्र आपण त्याचे हात बांधतो व कान तेवढे उघडे ठेवतो. मग ज्याला ऐकून उमजत नाही, तो 'ढ' ठरतो. हाताला काम दिले, की त्याच कामातून गणित, विज्ञान व हिशेब शिकविता येतो.

या विचारातून दोन वाटा निघाल्या. एक, शाळा सुटलेल्या व नापास झालेल्या मुलामुलींसाठी वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम. दुसरी, आठवी ते दहावीच्या नेहमीच्या विद्यार्थ्यांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय : आठवड्यातील एक दिवस हातांचा, बाकीचे पुस्तकांचे. शिकविणारे शक्यतो गावातलेच कारागीर व उद्योजक. मुलांनी केलेले काम दिखाऊ नसावे, ते गावातील कोणाच्या तरी उपयोगी पडावे व त्याचे मोल आकारावे, हा त्यातील महत्त्वाचा नियम.

पाबळचे घुमट प्रसिद्ध आहेत. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून ते उभारतात. चार काठ्या टोकांना एकेका खिळ्याने जोडून चौकोन करा. बोटाने ढकलला तरी तो कलतो. तीन काठ्यांचा त्रिकोण कलत नाही, कारण बाजूंची लांबी ठरली की कोन आपोआप ठरतात. म्हणून त्रिकोणांचा घुमट थोड्या सामानात मजबूत होतो. भूमितीच्या पुस्तकातील एक वाक्य छप्पर होऊन डोक्यावर उभे राहते, ते असे. याच पाबळमध्ये २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या प्राध्यापक नील गेर्शेनफेल्ड यांच्या कल्पनेतील 'फॅब लॅब' उभी राहिली. एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. संगणकावर आखलेली वस्तू यंत्राकडून कापून घेण्याची सोय आज जगातील अनेक शहरांत आहे. शिरूर तालुक्यातील एका कोरडवाहू गावाने ती फार आधी पाहिली.

जुनी परंपरा

या विचाराची मुळे आपल्या जिल्ह्यात आणखी खोल आहेत. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात मोडी, बाळबोध व हिशेबाबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी मागणी होती. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात उपासमारीतून सोडविलेल्या मुलींना आमच्या केडगावी आणले आणि त्यांना अक्षरांबरोबर शेती, विणकाम, तेलघाणा व छपाई शिकविली. संस्कृतची ही पंडिता! तिने मूळ भाषांवरून केलेला बायबलचा मराठी अनुवाद तिच्या निधनानंतर, १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यात छापून पूर्ण झाला. त्याचे खिळे तेथील स्त्रियांनी जुळविले. मी लहानपणापासून त्या आवाराजवळून गेलो. पण ही हकीकत मला महाविद्यालयात आल्यावर कळली.

पुढे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची 'नई तालीम' मांडली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' सुचविला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे म्हटले आहे. म्हणजे सांगणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती. तरीही आमच्या कार्यानुभवाच्या तासाला आम्ही कागदी फुले केली, ती कपाटात ठेवली आणि पैकीच्या पैकी गुण मिळविले.

असे का झाले?

येथे मला दादांचा प्रश्न पुन्हा आठवतो. जुन्या गावगाड्यात हाताचे ज्ञान जातीला बांधलेले होते. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा लोहार. आणि ज्याच्या हाती लेखणी, त्याने हत्याराला शिवायचे नाही. शाळेने ही गाठ सैल केली म्हणून तर आमच्यासारख्यांच्या घरी शाळा देवासारखी वाटते. त्याच शाळेतून मुलाच्या हाती पान्हा आला, तर बापाला वाटणारच, की यांनी पुन्हा आमच्या पोराला जुन्या जागी बसविले. नई तालीम मागे पडली त्याची कारणे अनेक असतील. पण 'खेड्यातल्यांना टकळी आणि शहरातल्यांना इंग्रजी' हा संशय त्यांतील एक मोठे कारण असावे, असे मला वाटते. तो संशय अडाणीपणाचा नव्हता. तो अनुभवाचा होता.

म्हणून अशी शिबिरे चांगली की वाईट, हे त्यांत कोण येते यावर ठरते. ती केवळ गरिबांच्या व नापासांच्या मुलांसाठी असतील, तर ती नव्या रंगाची बलुतेदारी होईल. ती सर्वांसाठी असतील, कामामागचे शास्त्र सांगितले जाईल, कामाचे मोल धरले जाईल आणि शिबिरानंतर मूल पुस्तकांकडे परत जाऊ शकेल, तरच ते शिक्षण. दोरीने काटकोन आखणे ही मजुरी आहे. तो का जुळतो हे कळले की त्याची भूमिती होते. गवंडीकाकांना दुसरी बाजू कोणी सांगितली नाही आणि आम्हांला पहिली. दोघांचेही नुकसान सारखेच.

मित्रहो, आपण कला शाखेचे. आपल्याला यातले काय, असे कोणी म्हणेल. मला तर वाटते, आपल्यालाच याची गरज अधिक आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले सात दिवसांचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावात भरते. आपण रस्ते झाडतो, दगडांना चुना लावतो, रात्री प्रबोधनपर गीते म्हणतो. त्यातील दोनच दिवस परवानाधारक वायरमनला बरोबर घेऊन घरोघरच्या अर्थिंगची पाहणी केली तर? पत्र्याच्या किती घरांत टेस्टर पेटतो, याची यादी करून ग्रामपंचायतीला दिली तर? त्यासाठी विज्ञान शाखेची पदवी लागत नाही. एक टेस्टर, एक वही आणि शिकविणारा एक माणूस लागतो. प्राचार्य व प्राध्यापक या सूचनेचा विचार करतील, अशी आशा आहे.

यंदा माझी बहीण नववीत आहे. मे महिन्यात त्याच शाळेत पुन्हा शिबिर आहे. तिचा अर्ज दादांनी स्वतः नेऊन दिला. देताना त्यांनी एवढेच विचारले, की वेल्डिंगला पोरींना काच देतात ना. मग ते फळ्यावर लागलेल्या यादीपुढे उभे राहिले आणि त्यांनी ती मला सगळी वाचून दाखवायला सांगितली. मी एकेक नाव वाचले. गुऱ्हाळावरच्यांची मुले होती, मेंढपाळांची होती, एका शिक्षकांची मुलगी होती.

डॉक्टरांच्या मुलाचे नाव यंदाही नव्हते.